सेनेटर आणि दरीतल्या बाईसाहेब

५ एप्रिल, ईस्टर

हॅमचा दुसरा काप संपायच्या आत मी आज माझं घर पणाला लावून बसलो.

विषय जनेलनेच काढला. दरवर्षी काढते. स्प्रिंगफील्डहून येते, आईच्या रिकाम्या खुर्चीकडे बघते, मग माझ्या गुडघ्याकडे बघते आणि सुरू होते. "बाबा, पहाटे अंधारात बंदूक घेऊन एकटे डोंगर चढता. पडलात तर कळणार कोणाला?"

"डेलमारला कळेल," मी म्हटलं.

डेलमार म्हणजे माझा मेहुणा. समोरच बसून बटाट्यावर ग्रेव्ही ओतत होता. "मला कशाला मध्ये घेतोस?" तो म्हणाला. "मी पडलो तर मला स्वतःला दुपारपर्यंत कळत नाही."

लेकीच्या घरी तळमजल्यावरची खोली माझ्यासाठी केव्हाची तयार आहे. खिडकीतून फर्निचरच्या दुकानाचा वाहनतळ दिसतो. तिथे एकही झाड नाही, त्यामुळे पानं झाडायचा त्रास नाही, असं ती कौतुकाने सांगते. ते ऐकून मला काय झालं कोणास ठाऊक. शाळेत कविता म्हणायला उभं राहावं तसा मी उभा राहिलो आणि म्हणालो, "या हंगामात सेनेटरला घरी आणला नाही, तर शेवटच्या दिवशी संध्याकाळी खोकी घेऊन ये. मुकाट्याने येतो तुझ्याबरोबर. आणला, तर हा विषय बंद."

"सेनेटर कोण?"

"टर्की आहे एक," डेलमार म्हणाला. "तुझ्या बापाला वर्षानुवर्षं झुलवतोय."

सेनेटर हा रानटर्कीचा नर, मोरासारखा पिसारा फुलवणारा, डोंगरमाथ्यावरच्या जुन्या ओकवर राहतो. ओक माझ्या आणि शेजारच्या आर्डिथच्या हद्दीवर, अगदी कुंपणाला लागून आहे. केसांसारख्या पिसांची दाढी छातीवर रुळते. पहाटे फांदीवरून सगळ्या खोऱ्याला उद्देशून भाषण करतो आणि बोलावलं तिथे कधीही येत नाही. म्हणून सेनेटर.

जनेलने हात पुढे केला. आम्ही हात मिळवले. तिची पकड तिच्या आईसारखी आहे, सोडवता सोडवत नाही.

१९ एप्रिल, रविवार

उद्या शिकारीचा हंगाम उघडतो. पेटीला खडू लावून ठेवला. सीडरच्या लाकडाची लांबट पेटी, वर दांडीचं झाकण. झाकण कडेवर घासलं की टर्कीच्या मादीचा आवाज निघतो. मला मात्र खडूचा वास आला की थेट मिस ओडेलियांची एका खोलीची शाळा दिसू लागते. भट्टीजवळ वाळत घातलेले हातमोजे, आणि पाठ केलेली कविता मधल्याच ओळीवर अडल्यावर बाईंची ती वाट पाहणारी नजर.

ही विद्या मुळातच उफराटी आहे. निसर्गात नर ओरडतो आणि मादी चालत त्याच्याकडे जाते. आम्ही झाडाला टेकून मादीचा आवाज काढतो आणि नराने चालत आमच्याकडे यावं असा हट्ट धरतो. त्याला असा स्वभाव बदलायला लावायचा तर आवाजात काव्य पाहिजे, हे माझं मत. डेलमारचं मत, टर्कीला काव्य कळत नाही, बाई दाखवा. म्हणून तो दरवर्षी नवीन रबरी माद्या विकत घेतो. आवाजासाठी टाळूला एक रबरी चकती चिकटवतो आणि हल्ली सवय व्हावी म्हणून दिवसभर तोंडात ठेवतो.

आज चर्चमध्ये ती काढायला विसरला. प्रार्थना संपली, सगळे 'आमेन' म्हणाले आणि डेलमार 'कीयॉक' म्हणाला. पाद्रीसाहेबांनी डोळे उघडले नाहीत, नुसत्या भुवया उचलल्या. तेवढ्यात पुढच्या बाकावरून अगदी हळू, अगदी गोड 'कुट, कुट' असं उत्तर आलं. मी मान लांब करून पाहिलं. तिथे आर्डिथ एकटी, डोळे मिटून भक्तीत बुडालेली. माझे कान म्हातारे झाले.

आर्डिथ माझी शेजारीण, वेंडेलची विधवा. वेंडेलसारखा मादीचा आवाज काढणारा या खोऱ्यात झाला नाही. तो पेटी नव्हे, तळहाताएवढी गोल पाटी वापरायचा. तिच्यावर लाकडी कांडी घासली की रान गप्प व्हायचं. बायकोला नेहमी बरोबर न्यायचा, कॉफीचा थर्मास धरायला. ती त्याच्या मागे झाडाआड बसायची. एका वर्षी ती बहिणीकडे ओहायोला गेली, तर बिचाऱ्याला एक पक्षी मिळाला नाही. कॉफीशिवाय त्याचा हात चालत नसे.

२० एप्रिल

पहिला दिवस. पहाटे ओकच्या अलीकडे, पडक्या बुंध्यामागे बसलो. डॉगवुडची झाडं पांढरी फुललेली, रान दुधाने सारवल्यासारखं. सेनेटरने भाषण सुरू केलं. मी पेटीवर हळूच एक लाडिक हाक दिली. त्याने तिथल्या तिथे उत्तर दिलं. मी मनात म्हटलं, हॉलिस टीग, खोकी परत पाठवली तू.

तो खाली उतरला. पिसारा पसरल्याचा सरसराट ऐकू आला. आणि त्याच क्षणी कुंपणापलीकडच्या दरीतून दुसरी मादी बोलली.

काय तो आवाज. किंचित खरखरीत, पाटीवर नवी पेन्सिल फिरावी तसा. आधी एक प्रश्न, मग थांबणं, मग स्वतःच दिलेलं अर्धं उत्तर. मिस ओडेलिया कडव्याच्या शेवटी अशाच थांबायच्या.

सेनेटर तिच्याकडे वळला. मी हाक दिली, तो माझ्याकडे वळला. तिने दिली, तो तिकडे वळला. दुपारी एकला बंदूक उतरवावी लागते, कायदा आहे. तोवर तो कुंपणाजवळ उभा राहून दोन्ही बाजूंना आळीपाळीने भाषण करत होता. चालला कोणाकडेच नाही.

उतरताना आर्डिथ भेटली. वेंडेलचा शिकारीचा ठिपक्याठिपक्यांचा कोट, केसांत वाळकी पानं, गालावर काळं लागलेलं.

"अळंबी शोधत होते," ती म्हणाली. "मोरेल. पहाटेच दिसतात."

मला हे माहीत नव्हतं. टोपली रिकामी होती. वाईट वाटलं.

२३ एप्रिल

डेलमारच्या पद्धतीला संधी द्यावी म्हणून आज त्याला बरोबर नेलं. ही चूक होती.

त्याची नवी मादी फुगवायची निघाली. त्याने ती अंधारात तोंडाने फुगवली, आणि चकती तोंडातच असल्यामुळे प्रत्येक फुंकरीला 'कीयॉक' होत होतं. सेनेटर दर वेळी झाडावरून उत्तर देत होता. मादी पूर्ण फुगेपर्यंत दोघांचं बरंच बोलणं झालं.

उजाडल्यावर सेनेटर आला नाही. आले ते तीन तरुण नर, अजून दाढी न फुटलेले, शाळा चुकवून बाजारात आलेल्या पोरांसारखे. त्यांनी रबरी बाईंभोवती दोन फेऱ्या मारल्या. मग एक जण धीर करून तिच्या पाठीवर चढला. तिला कुठेतरी भोक पडलं. बारीक सुस्कारा सोडत ती खाली बसू लागली आणि तोही तिच्याबरोबर उतरू लागला, मोडक्या खुर्चीत बसलेल्या शाळा तपासनिसाच्या गांभीर्याने. शेवटी तो पानांच्या पातळीवर आला, तरी उतरेना.

"मार की," मी कुजबुजलो. "नर आहे, चालतो."

"अशा वेळी गोळी घालणं बरं दिसत नाही रे," डेलमार म्हणाला.

सेनेटर वरच्या उतारावरून सगळं पाहत होता. भाषण न करता निघून गेला. दरीतल्या बाईसाहेब आज मध्येच अडखळल्या. त्यांचा आवाज अगदी एखाद्याने हसू दाबल्यासारखा झाला होता. पक्ष्यांनाही ढास लागत असावी.

२४ एप्रिल

पाऊस. घरीच. आर्डिथ रुबार्ब भरलेली आंबटगोड पेस्ट्री घेऊन आली. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या म्हणाली, "तुमच्या बाजूला एक म्हातारी मादी ओरडते हो रोज. सर्दी झालीय का तिला?"

मी मोठ्या कष्टाने चेहरा कोरा ठेवला. वेंडेलच्या बायकोने माझी पेटी खरी मादी समजावी, याहून मोठं प्रशस्तिपत्रक कोणतं?

"असेल," मी म्हटलं. "वय झालं असेल तिचं."

"पण बोलते मनापासून," ती म्हणाली. "एका जागी तीन शब्द पुरतात तिथे तेरा बोलते, एवढंच. एकटी असावी."

तिच्या बोटांना पाटीची करडी भुकटी लागली होती. रविवारच्या शाळेतली मुलं तिला फार कामाला लावतात.

२९ एप्रिल

कबूल करतो, हल्ली मी पहाटे उठतो तो सेनेटरसाठी नाही.

आज बुंध्याला टेकून बाईसाहेब ऐकत होतो आणि दोन ओळी सुचल्या:

ओकावरुनी हाक मारतो रानी पहिल्या प्रहरी,
त्याला उत्तर देते कोणी दूर दरीतुन गहिरी.

तिसऱ्या ओळीसाठी डोळे मिटले. उघडले तेव्हा सेनेटर माझ्या बुटापाशी उभा. डोकं पांढरं, निळं, लाल, राष्ट्रीय सणाला झेंड्याच्या रंगांत रंगवल्यासारखं. तो माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. बंदूक मांडीखाली. हातात पेन्सिल. आम्ही दोघांनी पापणी हलवली नाही. मग माझा गुडघा वाजला आणि तो गेला.

डेलमारला ओळी वाचून दाखवल्या. तो म्हणाला, "यात टर्की कुठंय?"

३ मे

जनेलचा फोन. खोलीला पडदे लावले म्हणे. करडे.

तिने विचारलं, "मिळाला?" मी म्हटलं, "चर्चा सुरू आहे." ती मग म्हणाली, "बाबा, मला तुम्हाला हरवायचं नाहीये हो. रात्री झोप लागत नाही मला, एवढंच."

मी तिला इथलं हवामान सांगितलं.

६ मे

डेलमार नवी युक्ती घेऊन आला. रबरी नर. शेपटीला खरा पिसारा, दोरी ओढली की उघडतो. "सेनेटरला मत्सर वाटला पाहिजे," म्हणाला. "त्या दरीतल्या मादीशेजारी नेऊन ठेवू. बायको पळवली म्हटल्यावर येतो की नाही बघ."

मी नको म्हटलं. तो खनपटीला बसला.

"अरे, चार दिवस राहिले. घर जातंय तुझं. एका मादीची कसली भीड?"

"तिच्याशेजारी कोणी रबरी माणूस उभा केलेला मला चालणार नाही," मी म्हणालो.

त्याने रबरी नर खाली ठेवला. "हॉलिस, तू जेवतोस ना वेळेवर?"

खरं सांगायचं तर मी स्वतःच गोंधळलो आहे. माझी बायको हॅटी गेल्यापासून सकाळच्या वेळी माझ्याशी कोणी बोलत नव्हतं. आता मी एक वाक्य बोलतो, पलीकडून एक येतं. मी उतावीळ झालो तर ती सावकाश बोलते. काल मला खोकला आला आणि पेटी सुटली, तर ती दोनदा 'कुट' करून थांबली, जणू पाणी प्या म्हणाली. पक्ष्याच्या मेंदूत एवढी जागा असते का? वसंतात मादीला मारायला बंदी आहे, हे कायदा करणाऱ्याचं मोठं काव्य.

संध्याकाळी आर्डिथला विचारलं, "तुमच्या दरीत एक मादी आहे. कधी दिसली का?"

"आरशात बघितल्याशिवाय कशी दिसणार," ती म्हणाली आणि मग घाईने म्हणाली की ओढ्याचं पाणी आरशासारखं आहे, तिथे पक्षी येतात, पण तिला सवड नसते. अळंबी अजूनही मिळत नाहीत तिला.

९ मे

पुस्तकं बांधायला काढली. मिस ओडेलियांनी बक्षीस दिलेला कवितांचा संग्रह सगळ्यात वर ठेवला. उद्या शेवटचा दिवस.

१० मे, रविवार

आज काय झालं ते क्रमाने लिहितो, नाहीतर मलाच उद्या खरं वाटणार नाही.

पहाटे बुंध्यामागे बसलो. सेनेटरचं भाषण सुरू झालं. दरीतून बाईसाहेब बोलल्या. मी पेटी उचलली, आणि पुन्हा खाली ठेवली. म्हटलं, उद्यापासून वाहनतळ. एकदा तरी मध्ये न बोलता हा आवाज पुरता ऐकून घ्यावा.

तिने विचारलं. मी गप्प. तिने थांबून पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने. मी गप्प. तिसऱ्यांदा तो आवाज चिरकला. इतक्या दिवसांत तिचा सूर कधी असा फाटला नव्हता. मग तीही गप्प झाली. सेनेटरही गप्प झाला.

जुने शिकारी सांगतात, सगळ्यात मोठी हाक म्हणजे मौन. बोलणारा एकदम थांबला की समोरच्याला राहवत नाही, तो शोधत येतो. मला आयुष्यात कधी गप्प बसणं जमलं नव्हतं, म्हणून हे कधी पाहिलं नव्हतं. आज पाहिलं. कुंपणाच्या कडेकडेने, पिसारा मिटून, भाषण विसरून, सेनेटर चोरपावलांनी माझ्याकडे येत होता. मी बंदूक उचलली. अजून जरासं. अजून एक पाऊल.

तेवढ्यात दरीच्या बाजूने झुडपं कडाकडा मोडली. अस्वल यावं तसं काहीतरी वर येत होतं. "हॉलिस! अहो हॉलिस! कुठे पडलात?"

सेनेटर पंखांचा धडाका करत खोऱ्यावरून निघून गेला. माझं घर त्याच्याबरोबर गेलं. मी बंदूक बाजूला ठेवली.

कुंपणाच्या तारेत वेंडेलचा कोट अडकवून आर्डिथ उभी होती. शिकाऱ्यासारखं तोंडाला काळं फासलेलं, हातावर काट्यांचे ओरखडे, टोपी गायब.

"हळू बोला," मी म्हटलं. "तिकडे एक मादी आहे, ती घाबरेल."

आर्डिथ माझ्याकडे बघत राहिली. मिस ओडेलियाही कधी इतका वेळ थांबल्या नव्हत्या. मग तिने कोटाच्या खिशातून गोल पाटी काढली, कांडी काढली, आणि घासली. आधी एक प्रश्न, मग थांबणं, मग अर्धं उत्तर.

मी बुंध्यावर बसलो.

"वेंडेलची पाटी," मी म्हटलं.

"वेंडेलला साधं दार नीट वाजवता येत नव्हतं," ती म्हणाली. "जन्मभर मीच वाजवली मागे बसून. पण ते राहू द्या. तुम्ही उत्तर का दिलं नाही? तीनदा विचारलं मी. तुम्ही कधी गप्प बसत नाही. तेरा शब्दांचा माणूस एकदम गप्प झाला तर मी काय समजायचं?"

"मी ऐकत होतो."

"मग ऐकतोय म्हणून सांगायचं." तिने बाहीने डोळे पुसले. त्यामुळे काळं सगळीकडे पसरलं. "सेनेटर माझ्याही टप्प्यात येत होता आज. हंगाम घालवलात माझा."

मी माफी मागितली. तारेतून कोट सोडवून दिला. चर्चला दोघांनाही उशीर झाला.

संध्याकाळी जनेल खोकी घेऊन आली. आर्डिथ माझ्या चुलीपाशी मासे तळत होती. सेनेटरच्या ऐवजी मासे, असं ठरलं होतं.

"मिळाला?" जनेलने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "हरलो. पुस्तकं बांधून ठेवली आहेत."

"आला होता," आर्डिथ म्हणाली. "मी उडवला." आणि तिने सगळं सांगितलं. सांगताना तिची पाठ आमच्याकडे होती, आणि एकच मासा ती पुन्हा पुन्हा उलटत होती.

जनेल खोक्यावर बसली. "म्हणजे हे गप्प झाले, आणि तुम्हाला लगेच कळलं?"

"लगेच कुठलं. तीनदा विचारलं."

"मी आठवड्यातून एकदा फोन करते," जनेल म्हणाली. "मंगळवारी हे पडले तर मला रविवारी कळेल." मग तिने मी बांधलेल्या पुस्तकांची दोरी सोडायला घेतली.

"अगं, शब्द दिलाय मी," मी म्हटलं. "टीग घराण्यात शब्द मोडत नाहीत. पक्षी आणला नाही, तर यायचं ठरलंय."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. स्त्रिया असं का बघतात, मला कधी कळलेलं नाही.

"आर्डिथमावशी, तुम्हीच समजावा यांना," जनेल म्हणाली. "तुमचं ऐकतात असं दिसतंय."

"ऐकतातच नुसते," आर्डिथ म्हणाली. "कळायला वेळ लागतो."

मी पडद्यांचं विचारलं. इतके नवे पडदे वाया जातील. जनेल म्हणाली, परत करता येतात. तिने मासे आम्हा दोघांपेक्षा जास्त खाल्ले आणि खोकी गाडीत टाकून रिकामीच घेऊन गेली. जाताना तिने आर्डिथला मिठी मारली आणि मला नुसतं, "बाबा, तुम्ही धन्य आहात," म्हणाली. कशाबद्दल, ते सांगितलं नाही.

१२ मे

आर्डिथचं म्हणणं, हंगाम संपला तरी हात सोडू नये, सवय मोडते. रोज उजाडताना मी माझ्या पडवीतून पेटी वाजवायची, ती तिच्या पडवीतून पाटीवर उत्तर देणार. पुढचा हंगाम वर्षभर लांब आहे, तोवर रानातून बोलवायचं कोणाला, हे मला नीटसं समजलेलं नाही. पण बाई काटकसरी आहे, उगाच खडू झिजवणार नाही. काहीतरी धोरण असेल.

आज सकाळी सुरुवात केली. मी तीन शब्दांत आटपायचा प्रयत्न केला, सातापर्यंत गेलो. उत्तर आलं. मी पुन्हा विचारलं, पुन्हा आलं. मध्ये डोंगरावरून सेनेटर जीव तोडून ओरडत होता, पण त्याच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.